बोत्स्वानाने एवढं सगळं नीट केलं, मग अडलं कुठे?

देशाच्या दीर्घकालीन विकासाचा विषय निघाला की आपल्याकडे सिंगापूर आणि दक्षिण कोरियाची नावं हटकून येतात. मला वाटतं, अभ्यास आफ्रिकेतल्या बोत्स्वानाचा करावा. खनिजांच्या पैशावर लुटारू पोसले गेलेले देश कमी नाहीत, आणि ते का बुडाले हे सांगायला अभ्यासकाची गरज नाही. बोत्स्वानात मात्र लष्कराने सत्ता बळकावली नाही, यादवी झाली नाही, निवडणुका वेळेवर होत राहिल्या. तरीही आज तो देश संकटात आहे.

३० सप्टेंबर १९६६ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा त्यांच्याकडे होतं काय? समुद्रकिनारा नाही, बराचसा भाग कालाहारी वाळवंटाचा, अख्ख्या देशात डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर आणि उपजीविका गुराढोरांवर. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले, तेही राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या मुलखात. खामा यांच्या सरकारने खनिजांचा हक्क जमातींकडून काढून कायद्याने देशाच्या नावावर केला. आपल्या माणसांच्या हातातलं घबाड सगळ्या देशाचं करणारा नेता त्या काळात, किंवा कुठल्याही काळात, किती ठिकाणी सापडेल? माझ्या मते बोत्स्वानाचं पुढचं सगळं भलं या एका निर्णयातून आलं.

डी बिअर्स या बड्या परदेशी हिरे कंपनीसोबतच्या खाण कंपनीत सरकारचा वाटा सुरुवातीला १५ टक्के होता. १९७५ मध्ये तो ५० टक्क्यांवर नेला. १९८२ मध्ये ज्वानेंगची हिऱ्यांची खाण सुरू झाली. आलेल्या पैशातून शाळा, रस्ते, दवाखाने उभे राहिले आणि पुढच्या पिढ्यांसाठी १९९४ मध्ये 'पुला फंड' काढला गेला. त्याच वर्षी अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर पडणारा बोत्स्वाना हा पहिला देश ठरला. एचआयव्हीने देश पोखरला होता, तेव्हा २००२ मध्ये आफ्रिकेत सर्वांत आधी सरकारतर्फे मोफत औषधं त्यांनीच सुरू केली.

पण त्यांचे आराखडे वाचा. राष्ट्रीय विकास योजना असोत, 'व्हिजन २०१६' असो की आताचं 'व्हिजन २०३६', प्रत्येकात एक गोष्ट येतेच: फक्त हिऱ्यांवर विसंबून चालणार नाही. तरी निर्यातीत हिऱ्यांचा वाटा जवळपास ८० टक्केच राहिला. नव्वदच्या दशकात ह्युंदाईच्या गाड्या जोडायचा कारखाना निघाला, दक्षिण आफ्रिकेची बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून. तो २००० मध्ये बंद पडला. २०१६ मध्ये सेलेबी-फिक्वेची तांबे-निकेलची खाण बंद झाली आणि पाच हजारांच्या आसपास लोकांची नोकरी गेली. ते गावच खाणीवर जगत होतं.

याचं कारण मला असं दिसतं. हिऱ्यांचा पैसा दर वर्षी येतच होता. सरकार सर्वांत मोठं नोकरी देणारं झालं, शिकलेल्या मुलाचं स्वप्न सरकारी खुर्चीचं आणि स्थानिक व्यावसायिकाचं सरकारी टेंडरचं. नवा उद्योग उभा राहिला नाही म्हणून त्या वर्षी कुणाचा पगार थांबला नाही. दक्षिण कोरियात निर्यातीचं लक्ष्य न गाठणाऱ्या कंपनीचं स्वस्त कर्ज धोक्यात यायचं. कुठल्याही देशाचा आराखडा तपासताना मी आता हेच पाहतो: काम झालं नाही तर त्याची झळ नेमकी कुणाला बसणार आहे?

बोत्स्वानात ती झळ आली बाहेरून, आणि त्यात आपल्या देशाचाही हात आहे. सुरतेत प्रयोगशाळेतले हिरे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. २०२३ च्या अर्थसंकल्पात, ज्यांच्यावर हे हिरे वाढवतात त्या 'बीजां'वरचं सीमाशुल्कही आपण काढून टाकलं. नैसर्गिक हिऱ्यांची मागणी घसरली, तेव्हा मुंबईत बीकेसीतल्या हिरेबाजाराला चटका बसला, पण राजधानी गाबोरोनमधल्या सरकारची तिजोरीच आटली. २०२४ मध्ये बोत्स्वानाची अर्थव्यवस्था सुमारे ३ टक्क्यांनी आकसली. स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष त्याच वर्षी हरला आणि सत्तांतर शांतपणे झालं, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये नवे अध्यक्ष डुमा बोको यांना सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली, कारण सरकारी दवाखान्यांत औषधं उरली नव्हती. एचआयव्हीची औषधं मोफत देणाऱ्या देशावर ही वेळ यावी याचं फार वाईट वाटतं.

आणि आता बोको यांचं सरकार डी बिअर्सवर नियंत्रण मिळवायचं म्हणतंय. तिथल्या लोकांची भावना मी समजू शकतो, खाण आपली आणि कंपनी परक्याची हे सल जुनं आहे. पण घसरत्या बाजारात आणखी खोल शिरण्याला माझा विरोध आहे. त्या देशाकडे वर्षभर रणरणतं ऊन आहे आणि वर्षानुवर्षं विजेसाठी तडफडलेला दक्षिण आफ्रिका शेजारी आहे. ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातलं पर्यटन आहे, युरोपात जाणारं गोमांस आहे. उधारीचा पैसा घालायचाच असेल तर तो सौरऊर्जेत आणि पोरांना कारागिरी शिकवण्यात घालावा, कंपनीचे शेअर घेण्यात नको.