सोयाबीनचं प्लास्टिक आणि ग्रुपवरचं फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकच मेसेज चौघांनी टाकला. मजकूर असा: 'जिवाणू सोयाबीनचं तेल पितात आणि प्लास्टिक बाहेर टाकतात. ते पाण्यात 24 तासांत विरघळतं. परदेशी कंपन्यांनी हा शोध दाबून ठेवला. माळव्याच्या सोयाबीनवर इंदूर प्लास्टिकमुक्त होईल!' खाली टाळ्या, झेंडे. यातला जिवाणू खरा आहे, म्हणून तर उत्तर लिहावंसं वाटलं. बाकीचा माल त्याच्या नावावर खपवलाय.

आधी ते 'बाहेर टाकतात'. टाकत नाहीत, साठवतात. क्युप्रिआविडस नेकॅटर नावाचा जिवाणू घ्या. त्याला तेल भरपूर दिलं आणि नायट्रोजनला हात आखडता घेतला, की त्याची वाढ अडते, पण खाणं सुरूच राहतं. मग आपल्या अंगावर चरबी चढावी तसे त्याच्या पेशीत पीएचए या पॉलिमरचे, म्हणजे त्या प्लास्टिकचेच, दाणे भरत जातात, कोरड्या वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंतसुद्धा. पाण्यावर तरंगणारं तेल फोडायला तो लायपेज हे विकर स्वतःच सोडतो आणि सुटलेली मेदाम्लं आत ओढून घेतो. इथवर काम देखणं आहे. पण दाणे आत आणि आपल्याला हवेत बाहेर! पेशी फोडा, दाणे वेगळे काढा, धुवा, वाळवा. मेसेजवाल्याने हा सगळा खर्च दोन शब्दांत उडवून लावला.

दाबलेला शोध? पाश्चर इन्स्टिट्यूटच्या मोरिस लेम्वान यांनी जिवाणूतलं हे द्रव्य 1926 च्या सुमारासच ओळखलं होतं. 1990 मध्ये जर्मनीत याच जातीच्या प्लास्टिकच्या बाटलीतून शाम्पू विकला गेला. आज जपानची कानेका कंपनी ते वनस्पती तेलापासून बनवते आणि उघडपणे विकते. अडलंय ते किमतीवर. साध्या पॉलिथिनपेक्षा हे कित्येक पट महाग पडतं. शिवाय यातला सर्वांत साधा प्रकार, पीएचबी, ठिसूळ असतो. तो साधारण 175 अंशांना वितळतो आणि त्याच्या जरा वर गेलं की बिघडायला लागतो, म्हणजे साच्यात घालणाऱ्याची कसरतच.

आता ते 24 तास. पाण्यात विरघळणाऱ्या बाटलीत शाम्पू राहिला असता का? हे प्लास्टिक विरघळत नाही, मातीतले आणि समुद्रातले जिवाणू ते कुरतडतात. पातळ पापुद्र्याला काही महिने, जाड वस्तूला त्याहून जास्त. थंडी-कोरड असेल तर आणखी रेंगाळतं.

सोयाबीनचा मुद्दा मात्र आपल्या अंगणातला, म्हणून हिशेबच मांडतो. 100 किलो दाण्यातून तेल निघतं 18 किलोच्या आसपास. एक किलो तेलापासून चांगल्या प्रयोगात सुमारे 0.7 किलो पीएचए मिळतं. साखरेवर याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून तेलाचं कौतुक. तरी क्विंटलभर सोयाबीनमागे हातात पडणार 12-13 किलो. आणि आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागवतो. फोडणीचं तेल बाहेरून आणून घरचं पिशव्यांना घालायचं, असा हा बेत आहे.

त्यापेक्षा सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री गराडू, म्हणजे कंदाचे तुकडे, तळणाऱ्याची कढई बघा. तळाशी काळपट, घट्ट झालेलं तेल असतं ना, तेही हे जिवाणू पचवतात. मेसेजमध्ये कढईचं नाव असतं तर मीही एखादी टाळी ठोकली असती! अर्थात त्या तेलावर बायोडिझेलवाल्यांचाही डोळा आहे, आणि गल्लोगल्ली फिरून ते गोळा कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

राहिलं 'प्लास्टिकमुक्त'. मागच्या गणपतीत एका भाजीवाल्याने हिरवी पिशवी दिली होती, वर ठळक 'बायोडिग्रेडेबल'. गच्चीवरच्या कुंडीत पुरून ठेवली. मेसेज आल्यावर उकरली. जास्वंदीच्या मुळांनी एक भोक पाडलंय, बाकी अक्षर न् अक्षर वाचता येतं. ती कशाची होती देव जाणे. पण उद्या खरी जिवाणूची पिशवी आली, तरी दिसायला ती अशीच असणार. ओला कचरा देवगुराडियाच्या गॅस प्लांटला जातो, तिथे ती चालणार की नाही? सकाळी गाडी आल्यावर हेच विचारलं. गाडीवाल्याने पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "भैया, प्लास्टिकवाले में डालो."