नस बंद केली म्हणून पाय लुळा पडत नाही

आमच्या माहेरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: "व्हेरिकोज व्हेन्स म्हणजे पायात साचलेलं अशुद्ध रक्त. ऑपरेशन करू नका, नस जाळली की पाय कायमचा लुळा पडतो. घट्ट मोजे घालू नका, रक्त अडतं. मोहरीचं तेल कोमट करून रोज जोरात चोळा, 21 दिवसांत नसा बसतात. पाय उंच ठेवून झोपा." हे वाचून माझ्या आत्याने सोनोग्राफीची तारीख रद्द केली. तिच्या घोट्याजवळची कातडी काळी पडली आहे, म्हणून मला राहवत नाही. मी 26 वर्षं फळ्यासमोर उभी राहिले आहे आणि माझ्या डाव्या पायाची नस लेझरने बंद केलेली आहे.

आधी लुळ्या पायाबद्दल, कारण आत्या घाबरली ती त्यालाच. ही भीती आपल्या एका शब्दातून येते. 'नस' म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी बोलतो. मणक्यात दबते ती नस म्हणजे मज्जातंतू. रात्री पोटरीत चढते ती नस म्हणजे आखडलेला स्नायू. आणि फुगून वेडीवाकडी दिसते ती नीला, हृदयाकडे रक्त परत नेणारी नळी. पाय हलतो तो मज्जातंतूमुळे. लेझरने बंद करतात ती कातडीखालची, बिघडलेली नीला. पायातलं सुमारे 90 टक्के रक्त तसंही स्नायूंमधल्या खोल नीलांमधूनच वर जातं, आणि उरलेलंही तीच वाट धरतं. हृदयाच्या बायपाससाठी पायातली हीच लांब नीला काढून घेतात. बायपास झालेले कितीतरी लोक रोज सकाळी फिरायला जाताना आपण पाहतो.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. गुडघ्याखाली या नीलेला लागून स्पर्शाचा एक तंतू जातो, त्यामुळे बधिरपणा येऊ शकतो. मला घोट्याच्या आतल्या बाजूला दीड महिना होता. क्वचित खोल नीलेत गुठळी होते, म्हणूनच त्याच दिवशी चालायला लावतात. हे प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

आता 'अशुद्ध रक्त'. शिकवताना मीही वर्षानुवर्षं 'अशुद्ध रक्तवाहिनी' म्हणत आले, आणि ते ऐकून मुलांना घाणच डोळ्यांसमोर येत असणार. त्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो, एवढंच. फुप्फुसातून गेलं की तेच रक्त 'शुद्ध' होतं. बिघाड असतो झडपांचा. नीलांमधल्या झडपा रक्ताला हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात, हे विल्यम हार्वेने 1628 मध्येच दाखवून दिलं होतं. या झडपा नीट मिटल्या नाहीत की रक्त खाली घसरतं. स्थिर उभं असताना घोट्याजवळच्या नीलेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटर असतो. चालताना पोटरी पंपासारखी दाबली जाते आणि निरोगी पायात तो 30 च्या खाली येतो. झडपा गेलेल्या पायात तो तसा उतरत नाही. मग सूज, खाज, काळी पडलेली आणि कडक झालेली कातडी, शेवटी न भरणारी जखम. जळू लावून रक्त काढलं तरी झडप दुरुस्त होत नाही.

मोज्यांबद्दल मेसेज उलटं सांगतो. हे मोजे घोट्याला सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जातात, त्यामुळे रक्त वर चढायला मदतच होते. सकाळी सूज यायच्या आत घालायचे, रात्री काढायचे. माप मात्र घेऊनच आणा. वरची कड गुंडाळली गेली तर ती दोरीसारखी आवळते. मधुमेह असेल, तंबाखूची सवय असेल, तर आधी पायाच्या धमन्या तपासून घ्या, कारण त्या अरुंद असतील तर घट्ट मोजा खरंच इजा करतो.

ज्यांना जखम झाली आहे त्यांनी थांबूच नये. ब्रिटनमध्ये 450 रुग्णांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पायाला घट्ट बांधायच्या पट्ट्यांबरोबर नीलाही लवकर बंद केली त्यांच्यापैकी निम्म्यांच्या जखमा 56 दिवसांत भरल्या. ज्यांचा तो उपचार लांबवला, त्यांना 82 दिवस लागले.

तेलाच्या 21 दिवसांबद्दल: मेसेजमधला आधीचा फोटो उभ्या पायाचा आहे, नंतरचा आडव्या. आडवं पडलं की फुगलेल्या नसा कोणाच्याही रिकाम्या होतात! कोरड्या कातडीला हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण जोरात चोळू नका. पातळ कातडीखालची नीला फुटू शकते. फुटलीच, तर आडवं व्हा, पाय वर धरा, स्वच्छ फडक्याने तिथेच दाबा आणि डॉक्टरांना कळवा. वर दोरी बांधू नका. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला, तर हातही न लावता त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ती खोल नीलेतली गुठळी असू शकते.

मेसेजची शेवटची ओळ खरी आहे. आत्याच्या पलंगाच्या पायथ्याखाली मी काल दोन विटा ठेवून आले, आणि सोनोग्राफीची नवी तारीखही घेतली.