चांगला असिस्टंट कोच दाराशी फिरकू नये म्हणून

तुमचा एक व्यावसायिक फुटबॉल क्लब आहे आणि तो तळाशी आहे. मालक हौशी आहेत, जर्सी झकास आहे, परदेशी हेड कोचला विमानतळावर हार घालून उतरवून घेतलंय. आता धोका एकच उरला. चुकून एखादा जाणता असिस्टंट कोच येऊन बसला आणि पोरं खेळायला लागली, तर करायचं काय?

घाबरू नका. मी बेळगावचा. पंचवीस वर्षं पोरांना तांबड्या चिखलात खेळवतोय. एएफसीचा, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचा, कोचिंगचा ए परवाना सोसायटीचं कर्ज काढून मिळवला, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. गेल्या महिन्यात अशाच एका तळातल्या क्लबानं मला बोलावून घेतलं. नाव सांगत नाही. चांगल्या माणसाला दारातून परत कसं धाडायचं, याचं त्यांच्याकडे जे शास्त्र आहे ते मी जवळून बघितलं. असली विद्या एकट्यानं दाबून ठेवणं बरं नव्हे.

तर पहिली गोष्ट, जाहिरात काढूच नका. हेड कोच येतानाच आपला मित्र, मित्राचा भाचा आणि एक लॅपटॉपवाला घेऊन येतो. बाक तिथंच भरतो. अडचण एवढीच, की 2024-25 च्या हंगामापासून आयएसएलनं (इंडियन सुपर लीग, देशातली वरची लीग) नियम काढला: प्रत्येक संघात सर्वोच्च परवाना असलेला एक भारतीय असिस्टंट हवाच, आणि हेड कोच निलंबित झाला किंवा सोडून गेला तर संघ त्यानंच चालवायचा. वरच्यांनी ठेवला म्हटल्यावर खालच्यांनाही एखादा देशी माणूस दाखवावा लागतो. दाखवा की. खरं (आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात, लिहितानाही सवय जात नाही) त्याला मीटिंगला बोलावू नका. असल्या माणसाला बाकावर जागा दिली की काय होतं बघा. 2021 च्या जानेवारीत आयएसएलमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडचा हेड कोच गेला आणि संघ तात्पुरता असिस्टंट खालिद जमीलच्या हातात आला. त्याआधी ऐझॉलसारख्या छोट्या क्लबाला 2016-17 ची आय-लीग (देशातली दुसरी मोठी लीग) जिंकून देण्याचा आगाऊपणा त्यानं केलाच होता. इथंही गडी हरेचना! थेट प्लेऑफमध्ये नेला संघ. पुढे आयएसएलमधला पहिला कायमचा भारतीय हेड कोच तोच झाला आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये भारताच्याच संघाचा कोच. एक तात्पुरता माणूस वेळीच न हाकलल्याचे हे परिणाम.

पगाराचा आकडा सांगू नका. विचारलाच तर 'पॅशन' म्हणा.

पगार सांगणं एक वेळ परवडतं, देणं वाईट. यात आपल्याकडे मोठी परंपरा आहे, तुम्हाला नवीन काही शोधावं लागणार नाही. हैदराबादचा संघ 2021-22 मध्ये आयएसएलचा विजेता होता. पैसे थकले, परदेशी खेळाडू आणि कोच निघून गेले, आणि 2023-24 मध्ये त्याच संघानं अख्ख्या हंगामात एक सामना जिंकला. एक! 2025 च्या जुलैत तर लीगच लटकली, कारण फुटबॉल महासंघाचा लीग चालवणाऱ्यांशी 2010 साली झालेला पंधरा वर्षांचा करार संपत आला होता आणि नवा कुणी केलाच नव्हता. पंधरा वर्षं पुरेशी नव्हती बहुतेक. मग काही क्लबांनी पगार थांबवले. नावाजलेल्या खेळाडूंचं काय होणार याच्या बातम्या आल्या; असिस्टंट, फिजिओ, किटवाला यांच्या घरी गॅस कसा आला हे कुणी विचारलं नाही. आमच्या लहानपणी चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की व्यावसायिक फुटबॉल सुरू, असा हिशेब होता. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीगमधून एकदम बाहेर पडले आणि घाटाखालचा तो हिशेबही मिटला. आमच्या ओळखीचा एक असिस्टंट आता शाळेत पीटी शिकवतो. सुखी आहे. पगार एक तारखेला होतो.

करारात 'हेड कोच गेला की तुम्हीही गेलात' एवढी ओळ पुरते. बाकी 'पुढील निर्णय होईपर्यंत' असं घाला. सीमाभागातला माणूस असेल तर त्यात त्याला काही वावगं वाटणार नाही. आमचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

फोन रात्री अकराच्या आसपासच करा.

मला पावणेअकराला आला. "ब्रो, मंडेला येता का?" सीईओ माझ्या भाच्याच्या वयाचा असेल. येताना आमचे मागचे सामने बघून या, म्हणाला, छोटंसं प्रेझेंटेशन करा. मुलाखतीची ही तयारी मनापासून शिकण्यासारखी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आठ रात्री बसलो. खडेबाजारातून आणलेली दोनशे पानी वही. तिच्या मागच्या पानांवर आमच्या चौदा वर्षांखालच्या पोरांची हजेरी, पुढच्या पानांवर ह्यांच्याविरुद्धचे कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून गोलसमोर मारलेल्या किका. निम्म्याहून जास्त गोल कॉर्नरवर खाल्लेले. जवळच्या खांबापाशी उभा केलेला पोरगा चेंडूकडे टक लावून बघतो, आणि समोरचा खेळाडू त्याच्या पाठीमागून एक पाऊल पुढं येऊन डोकं लावतो. दर वेळी तेच. औषध साधं आहे. त्याच्या पुढ्यात दोन यार्डांवर दुसरा माणूस ठेवायचा. त्यानं चेंडूला हात नाही, पाय नाही, डोकं नाही, काहीच लावायचं नाही. धावत येणाऱ्याची वाट तेवढी अडवायची. लाल पेनानं फुली काढली, निळ्यानं बाण. मित्र म्हणाला, "मर्दा, पगार किती ते तरी विचारलास काय?" मी म्हटलं, आधी काम तर दाखवू. (पॅशन. बघा, रोग मलाही होता.)

बायकोनं दशम्या आणि शेंगाचटणी बांधून दिली, वर क्लबातल्यांसाठी अर्धा किलो कुंदा. रात्रीच्या बसनं निघालो, सकाळी सातला पोचलो. मुलाखत दहाला होती. सीईओ सव्वाएकला आला. तोवर किटवाल्याच्या खोलीत वाळत घातलेल्या मोज्यांखाली बसलो होतो. त्यानं माझ्या दोन दशम्या खाल्ल्या आणि तीन महिने पगार नाही हे सांगितलं. त्या इमारतीत माझ्याशी खरं बोललेला तो एकटाच माणूस.

"ब्रो, असिस्टंट नेमकं करतो काय?" हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, कोच ब्रायन क्लफ आणि त्याचा असिस्टंट पीटर टेलर या जोडीनं 1972 ला डर्बीला इंग्लंडची लीग जिंकून दिली. 1974 ला क्लफ एकटा लीड्सला गेला, टेलर ब्रायटनलाच राहिला. क्लफ लीड्सला किती टिकला? 44 दिवस. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला दोघं परत एकत्र आले आणि 1979, 1980 अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपियन कप उचलला. असिस्टंट हे करतो. सीईओनं मोबाईलवरून मान वर केली. "नाइस. हे दोघं सध्या अव्हेलेबल आहेत?"

दोघंही वारले, म्हटलं.

मग हेड कोच आला. सहा मिनिटं. वही चाळली, "गुड, गुड" म्हणाला, लॅपटॉपवाल्यानं पानांचे फोटो काढले, आणि वही नीट बघायला ठेवून घेतली. मला वाटलं, झालं काम. सीईओ म्हणाला, पहिले तीन महिने ट्रायल, राहायचं खेळाडूंच्या हॉस्टेलवर, आणि एक महत्त्वाचं, "लायसन्स आहे ना?"

"आहे. एएफसी ए."

"ते नव्हे हो. हेवी वेहिकलचं. संघाची बस कधीकधी चालवावी लागेल."

हे पाठ करून ठेवा. याच्यापुढे कुठलाही चांगला माणूस टिकत नाही. मी पण नाही टिकलो. कुंदा मात्र त्यांनी ठेवून घेतला.

परतीचं भाडं मागितलं तर 'अकाउंट्सला मेल करा' म्हणा. अकाउंट्समध्ये माणूस ठेवू नका.

यानंतर दोन आठवड्यांनी त्यांचा सामना मी मोबाईलवर बघितला. बघायला नको होता. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर मिळाला समोरच्यांना, आणि जवळच्या खांबापाशी त्यांचा पोरगा उभा होता, बरोबर माझ्या लाल फुलीवर. अंगावर काटा आला माझ्या. दोन यार्डांवरचा दुसरा माणूस? नव्हता. वहीत तो निळ्या बाणाच्या टोकाला होता, आणि तो कुणी, कधी सुटायचा, कुठल्या खांद्यानं आडवा जायचा, हे मी मैदानावर उभं राहून दाखवणार होतो. फोटोत ते येत नाही. समोरच्यानं एक पाऊल पुढं टाकलं, डोकं लावलं, गोल. आणि त्या पोरानं, विशीतलाच असेल, दोन्ही हात पसरून बाकाकडे बघितलं. मी काय करू, असं. बाकावर लॅपटॉपवाला मान खाली घालून टाईप करत होता.

त्याच आठवड्यात सीईओसाहेबांची मुलाखत. आमच्याकडे दर्जेदार असिस्टंट यायलाच तयार नसतात, देशात तसे लोकच नाहीत, असा एकूण सूर.

नाहीत? अरे, आला होता ना एक! रात्रभर बसमध्ये मान मोडून आला होता, सहा तास मोज्यांखाली बसला होता. माझं सोडा, माझ्यासारखे किती जण कोल्हापुरात, गोव्यात, मणिपूर-मिझोरामात परवाने घेऊन बसलेत. फी आपल्या खिशातून भरलेत, सुट्ट्या बिनपगारी काढलेत. त्यांना तुम्ही कधी दिवसाउजेडी फोन केलाय का? लिव्हरपूलनं 2018 ला नुसता थ्रो-इन (रेषेबाहेर गेलेला चेंडू हातानं आत फेकणं) शिकवायला डेन्मार्कहून वेगळा माणूस नेमला होता, थॉमस ग्रोनेमार्क. थ्रो-इन! आणि तुम्ही कॉर्नर शिकवणाऱ्याला बसची चावी देता. हरलात की म्हणता माणसं मिळत नाहीत. माणसं मिळतात, तुम्हाला ती ठेवता येत नाहीत, कारण तुम्हाला असिस्टंट नको असतो, तुम्हाला एक गडी हवा असतो, ज्याला शिव्याही देता येतील आणि सरावाचे प्लॅस्टिकचे कोनही उचलायला लावता येतील. पगार द्या. वेळेवर द्या. हेड कोच काढलात तरी त्याला वर्ष पुरं करू द्या. सराव त्याच्या हातात द्या आणि तासभर तोंड मिटून बाजूला उभे राहा. एवढं जमत नसेल तर क्लब बंद करा आणि त्या विशीतल्या पोराला मोकळं करा, त्याला अजून शिकवता येईल.

भाड्याचे पैसे ठेवा तुम्हालाच. तीन मेल केले, चौथा करणार नाही. वही तेवढी कुरियरनं पाठवा. पुढची पानं फाडून घेतलीत तरी चालेल. मागच्या पानांवर आमच्या पोरांची हजेरी आहे, आणि दोन आठवडे मी ती सिगारेटच्या पाकिटाच्या मागे लिहितोय.