डब्यातला पोपट

आमच्या गावात मोबाइलला रेंज दोनच ठिकाणी येते. एक मारुतीचा पार आणि दुसरी आमच्या माडीवरची पाण्याची टाकी. पारावर बोललं की अर्धं गाव ऐकतं, म्हणून ज्यांना खासगी बोलायचं असतं ते आमच्या माडीवर येतात. आर्वी तालुक्यातल्या अशा गावात मी इंटरनेटवर चालणारा रेडिओचा हॉटस्पॉट बांधायला घेतला. अक्कल असती तर कापूस वेचला असता.

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेसचं, लायसन माझ्याकडे आहे. रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास झालो आणि सरकारनं व्हीयू 3 नं सुरू होणारी निशाणी, म्हणजे रेडिओवरची ओळख, दिली. आईला तो गाडीचा नंबर वाटतो. पण लायसन मिळालं तरी बोलायचं कोणाशी? हातातला सेट पाच वॅटचा. शेत ओलांडून आवाज नाल्यापर्यंत जातो आणि तिथंच बसतो.

उपाय म्हणजे हॉटस्पॉट. रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू नावाचा बोटभर लांबीचा कॉम्प्युटर, त्यावर चिकटलेला मोडेमचा बोर्ड आणि करंगळीएवढा अँटेना. ताकद जेमतेम 10 मिलिवॅट, म्हणजे अंगणापुरती. सेटमधून मी बोललो की बोर्ड ते पकडतो आणि इंटरनेटवरून सर्व्हरकडे ढकलतो. तिथं 404 नावाचा टॉकग्रुप, म्हणजे सगळ्यांनी मिळून बोलायचा कट्टा, लावला की देशभरचे हॅम ऐकतात. वेबवर 404 म्हणजे 'सापडलं नाही'. मोबाइल नेटवर्क देश ओळखायला जे कोड वापरतात (फोन लावायचा +91 नव्हे), त्यात भारताचा एक 404, म्हणून ग्रुपलाही तोच आकडा. गावात रेंज शोधताना मला तो फारच समर्पक वाटायचा.

पहिली चूक नावातच झाली. 'हॉटस्पॉट बांधतोय' असं बोललो आणि संध्याकाळपर्यंत सहा पोट्टे दारात. "दादा, पासवर्ड सांग ना." त्यांना समजावलं, बाबांनो, हा हॉटस्पॉटच बिचारा माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालतो. ते हसत गेले. रडायची पाळी माझी होती, कारण फोन 5 गिगाहर्ट्झवर वायफाय देत होता आणि या पायला 2.4 च्या पलीकडचं काही दिसत नाही. हे कळायला तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री लाइन गेली आणि मेमरी कार्डच बिघडलं. पुन्हा पहिल्यापासून. मग पॉवर बँक आणली.

आता हे सगळं ठेवायचं कशात? आईनं मोठ्या मनानं तिचा स्टीलचा डबा दिला. बोर्ड, पॉवर बँक, वायर, सगळं त्यात असं बसलं जसं मोजूनच केलंय. झाकण लावलं आणि हॉटस्पॉट मेला. उघडलं, जिवंत. लावलं, मेला. मी सॉफ्टवेअर बदललं, कार्ड बदललं, फोन बदलून पाहिला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "झाकण काढून ठेव ना मंग, बाप्पा." स्टीलच्या डब्यातून रेडिओलहरी बाहेर पडत नाहीत, हे परीक्षेत मी बरोबर लिहिलं होतं.

शेवटी श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा घेतला. पोतं शिवायचं दाभण तापवून त्याला भोकं पाडली, कारण मे महिन्यात माडीवर पंचेचाळीस अंश. तरी माझ्या आवाजाचे तुकडे पडत होते. बोर्डाची फ्रिक्वेन्सी थोडी सरकलेली असते, ती पन्नास-पन्नास हर्ट्झनं जुळवावी लागते. म्हणून मी टाकीला टेकून तासभर "टेस्ट, टेस्ट" करत बसलो. शेजारचे काकाजी फोन कानाला लावून तिथंच उभे होते.

"काय करून राहिला रे?"

"रेडिओ जुळवून राहिलो, काकाजी."

"जागलीले कामी येईन का? डुक्करं लय झाले."

म्हटलं, नाही, लायसनमध्ये बसत नाही. त्यांनी डब्याकडे असं पाहिलं की श्रीखंडाचा अपमान झाला.

रात्री आकडे जुळले. पहिली चाचणी म्हणून 9990 लावला. त्याला पोपट म्हणतात. तुम्ही बोललेलं सर्व्हर परत तुम्हालाच ऐकवतो. मी माझी निशाणी सांगितली, गाव सांगितलं, बटण सोडलं. क्षणभरात डब्याच्या वाटेनं खणखणीत उत्तर आलं. आई धावत वर आली.

"कोण बोलून राहिलं?"

"मीच."

"म्हंजे सोतासंगच बोलाचं होतं? त एवढा पैसा कायले घातला?"

मग रीतसर 404 वर गेलो. हाक दिली. चेन्नईहून एका भल्या माणसाचं उत्तर आलं, आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा. त्यानं विचारलं, वर्धा जिल्हा म्हणजे नेमका कुठं? मी बटण दाबलं, सेवाग्रामपासून सुरुवात केली, आणि गावची लाइन गेली. डबा पॉवर बँकवर सुरू होता, सेट सुरू होता. टॉवर मात्र लाइनीसोबतच गेला.

अंधारात टाकीपलीकडून काकाजींचा आवाज आला, "रेंज गेली ना! तुया डब्यानं खाल्ली. झाकण लाव पहिले त्याले!"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. झाकण लावलं. दहाच मिनिटांत लाइन आली, टॉवर आला, काकाजींच्या फोनवर तीन मेसेज एकदम वाजले.

"पाह्य," ते म्हणाले, "आली का नाही?"