पावडरीच्या डब्याआधी ताट पाहा
माझ्या धाकट्या बहिणीला सहावा महिना लागला आणि तिच्या स्वयंपाकघरात प्रोटीन पावडरचे दोन डबे येऊन बसले. सकाळी ती मोठा पेला भरून पावडर घेई आणि दुपारी पोट जड आहे म्हणून अर्धे ताट तसेच बाजूला सारी. "प्रथिने तर गेली ना पोटात, ताई?" असे ती विचारी, तेव्हा मला तिची फार काळजी वाटे.

गरोदरपणात प्रथिनांची गरज वाढते हे खरेच आहे. गर्भ, वार, आईचे वाढलेले रक्त या सगळ्याला ती लागतात, आणि एरवी ६०-७० ग्रॅम वजनाची गर्भपिशवी दिवस भरेपर्यंत किलोभराची होते, तीही त्यांच्याच जोरावर. मात्र ही वाढ पहिल्या दिवसापासून सारखी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संयुक्त अहवालात रोजची जादा गरज पहिल्या तिमाहीत सुमारे १ ग्रॅम, दुसरीत ९ आणि तिसरीत ३१ ग्रॅम धरली आहे. म्हणून उलट्यांनी बेजार झालेल्या बाईला पहिल्याच महिन्यांत "तू आता दोन जिवांची, दुप्पट खा" असा आग्रह करणे मला अन्यायाचे वाटते. त्या दिवसांत पोटात टिकेल ते थोडे थोडे, पुन्हा पुन्हा खाणे पुरे.

शेवटच्या तिमाहीतले ३१ ग्रॅम ऐकायला मोठे वाटतात, पण एका अंड्यात सुमारे ६ आणि कपभर दुधात ८ ग्रॅम प्रथिने असतात. उरलेली डाळी, कडधान्ये, दही, मासे यांतून मिळतात. शिवाय जेवणच अपुरे पडले, तर शरीर ही प्रथिने बांधणीऐवजी ऊर्जेसाठी जाळून टाकते, आणि बहिणीच्या अर्धवट ताटाची मला भीती वाटे ती यामुळेच. कुपोषित गटांतील गर्भवतींना ऊर्जा आणि प्रथिने यांचा समतोल पूरक आहार द्यावा, केवळ प्रथिनांचा मारा करणारा नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. ज्यांना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

डॉक्टरांशी बोलून बहिणीने पावडर थांबवली. आता सकाळी ती दोन अंडी खाते, आणि बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत ती उकडली आहेत ना, हे मी अजूनही फोन करून विचारते.