सांगलीकर, माझं गणित चुकलं, पण गाडी अजून महागच आहे

नमस्कार सांगलीकर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटर काढला.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं. धाकट्या बहिणीसाठी पुण्यात गाडी शोधताना आलेल्या अनुभवांवर मी मागे लिहिलं, ते निव्वळ रडगाणं होतं. ‘छोट्या गाडीच्या किमतीत निम्मा सरकारी कर असतो’ हे माझं वाक्य धादांत खोटं होतं. जीएसटी कमी होऊन गाड्या स्वस्त झाल्या, पण लोकांना सनरूफही पाहिजे आणि महागाईच्या नावानं बोंबही मारायची आहे. जुन्या गाड्यांच्या किमती तेवढ्या चढ्या आहेत, कारण सरकारनं त्यांनाही १८ टक्के जीएसटी लावला आणि एजंट लुटतात. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘मी माझी २०१८ची हॅचबॅक अजून पाच वर्षं तरी विकणार नाही, वेडा नाही मी.’

त्या शेवटच्या वाक्यावर नंतर येतो. आधी चूक कबूल करतो.

निम्मा कर हे वाक्य मागे घेतलं. जुन्या रचनेत मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर होता, तो ५० चा आकडा मी सरसकट सगळ्या गाड्यांना चिकटवला. आणि खरं तर तिथेही मूळ किमतीवर ५० टक्के म्हणजे एकूण किमतीचा तिसरा हिस्सा होतो, निम्मा नव्हे. म्हणजे चूक दुहेरी. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २८ अधिक १ असा २९ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ वर आला, मोठ्या गाड्यांवर सरळ ४० झाला आणि उपकर गेला.

आता माझं नवं गणित तपासा. करापूर्वी ५ लाखांची छोटी पेट्रोल गाडी धरू. जुन्या दरानं तिच्यावर १,४५,००० रुपये लागायचे, एक्स-शोरूम किंमत, म्हणजे आरटीओ आणि विमा धरण्याआधीची, ६,४५,०००. त्यावर आपल्या राज्याचा वाहनकर, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे ७०,९५०. आता जीएसटी ९०,०००, एक्स-शोरूम ५,९०,००० आणि आरटीओचा कर ६४,९००. फरक ६१,०५० रुपयांचा. ही काही किरकोळ रक्कम नाही, तुमचं शंभर टक्के बरोबर. तरीही आज दोन्ही कर मिळून १,५४,९०० रुपये जातात. आणि त्यातले ९,९०० रुपये हा निव्वळ करावरचा कर आहे, कारण आरटीओचे ११ टक्के जीएसटी मिळवून झालेल्या किमतीवर लागतात. (मिरजेच्या पलीकडे कर्नाटकात जाऊन पासिंग करावं म्हणाल तर तिथला कर आपल्यापेक्षा जास्तच आहे. शिवाय गाडी इकडे कायमची आणली की इथला कर वेगळा.)

पण कर हा माझ्या लेखाचा अर्धाच भाग होता. दुसऱ्या अर्ध्याला तुम्ही हातच लावला नाहीत. बहीण नर्स आहे, रात्रपाळी असते, पावसाळ्यात स्कूटरवरून येते-जाते. तिचं बजेट होतं सगळं धरून सहा लाख. म्हणून आम्ही गेलो आणि म्हणालो, सगळ्यात खालचं मॉडेल दाखवा. शोरूमच्या फ्लोअरवर ते नव्हतंच. ‘बेस व्हेरियंट डिस्प्लेला ठेवत नाही सर, कुणी घेतच नाही.’ मग कागद आला. एक्स-शोरूमच्या खाली आरटीओ, त्याखाली विमा ३८,४०० रुपये, त्याखाली ‘बेसिक अ‍ॅक्सेसरी किट’, त्याखाली एक्स्टेंडेड वॉरंटी, फास्टॅग आणि हँडलिंगचे काहीतरी. विम्याचा तोच कागद मी बाहेरच्या एजंटाला दाखवला, त्याच किमतीवर, त्याच अ‍ॅड-ऑनसकट. त्यानं २७ हजारांत करून देतो म्हणून सांगितलं. शोरूममध्ये हे बोललो तर उत्तर आलं, ‘मग क्लेमच्या वेळी कॅशलेस होईलच असं सांगता येत नाही.’ बहिणीनं तिथेच डोळे वटारले, रुग्णांच्या नातेवाइकांना वटारते तसे.

विम्याचा थोडा भाग खरोखर वाढला आहे, तेही सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवी गाडी घेताना थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, एकदम तीन वर्षांचा काढावा लागतो. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला १०,६४० रुपये, अधिक कर. पूर्वी हे पैसे वर्षावर्षानं जायचे, आता पहिल्याच दिवशी.

तुमच्या सनरूफच्या मुद्द्याला माझा अर्धा होकार. लोकांना सनरूफ हवं असतं, पण ते कसं हवंसं होतं हेही तिथे बसून बघितलं. सेल्समन एकूण किंमत बोलतच नाही. तो म्हणतो, ‘महिन्याला फक्त हजार-बाराशे जास्त.’ सात लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १४,५३० रुपये. तेच सात वर्षांवर नेलं की हप्ता ११,२६० वर येतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, चला, वरचं मॉडेल बसतंय. व्याज मात्र १ लाख ७२ हजारांवरून २ लाख ४६ हजारांवर जातं. म्हणजे जीएसटीनं वाचवलेल्या ६१ हजारांपेक्षा जास्त रक्कम फक्त मुदत वाढवल्यानं गेली. जीएसटी कपातीनंतर हप्ता तोच ठेवून वरचं मॉडेल घेतलेले दोन जण माझ्याच ऑफिसात आहेत. दोघंही खूश आहेत, त्यांच्या आनंदावर विरजण घालायचं नाही मला. पण गाडी स्वस्त झाली असं त्यांच्या पासबुकावरून दिसत नाही.

आणि मुळात खालची पायरीच गेली आहे. १० जानेवारी २००८ला दिल्लीच्या वाहन मेळाव्यात नॅनो दाखवली तेव्हा लाखाच्या गाडीची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती. तिचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, २०१८ मध्ये ती बंद झाली. अल्टो ८०० सुद्धा २०२३ मध्ये गेली. सगळ्यात स्वस्त म्हणाल तर सप्टेंबर २०२५च्या कपातीनंतर एस-प्रेसो ३.५० लाखांच्या आत सुरू झाली, अल्टो के१० ३.७० लाखांच्या आत. हे आकडे जाहिरातीत खरे होते. पण दोन-चार गाड्यांच्या पलीकडे त्या पट्ट्यात काही उरलेलं नाही. कंपन्यांचं लक्ष एसयूव्हीवर आहे, कारण पैसा तिथे आहे. छोट्या गाडीत डीलरला फार काही सुटत नाही, म्हणून तो ती फ्लोअरवर ठेवत नाही, आणि मग कुणी घेतही नाही.

एअरबॅग आणि प्रदूषणाच्या नियमांवर मी ओरडलो असं तुम्हाला वाटलं, तो माझ्या लिहिण्याचा दोष. १ एप्रिल २०२० ला आपण बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर गेलो, २०१९ मध्ये चालकाची एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, नंतर शेजारच्या सीटचीही एअरबॅग आली. याचा खर्च दहा लाखांच्या गाडीत विरून जातो, चार लाखांच्या गाडीत टोचतो. एवढंच म्हणायचं होतं. बहिणीला एअरबॅग नसलेली गाडी मी घेऊन देणार नाही, मग त्यासाठी अजून रडगाणं गावं लागलं तरी चालेल.

आता जुन्या गाड्या. इथे जीएसटीबद्दल तुमची गल्लत झाली आहे, आणि तुम्ही एकटे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीत जुन्या गाड्यांचा दर १८ टक्के झाला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर असंच फिरत होतं. हा कर गाडीच्या किमतीवर नाही, डीलरच्या फरकावर आहे. त्यानं साडेतीन लाखांना घेऊन चार लाखांना विकली तर कर मधल्या पन्नास हजारांवर, म्हणजे ९ हजार. आणि तुम्ही तुमची गाडी थेट माझ्या बहिणीला विकलीत तर जीएसटी शून्य. मोठ्या गाड्यांना हा दर आधीपासूनच १८ होता, छोट्यांना १२ होता तो वाढला. पन्नास हजारांच्या फरकावर वाढ तीन हजारांची. एवढ्यानं बाजार बिघडत नाही.

मग किमती का उतरत नाहीत? मला सापडलेलं कारण साधं आहे. आज पाच-सहा वर्षांची गाडी घ्यायची म्हणजे २०२० नाहीतर २०२१ची घ्यायची. त्या वर्षी गाड्या विकल्याच कमी गेल्या. एप्रिल २०२० मध्ये मारुतीनं देशात एकही गाडी विकली नव्हती, अक्षरशः शून्य. २०१८-१९ मध्ये देशात जवळजवळ ३४ लाख प्रवासी गाड्या गेल्या होत्या, २०२०-२१ मध्ये त्या २७ लाखांवर आल्या. लगेच पुढे चिपचा तुटवडा आला, एक्सयूव्ही ७०० ला तर वर्षभराच्या वर थांबावं लागत होतं. जी गाडी तेव्हा विकलीच गेली नाही, ती आज सेकंडहँड म्हणून कुठून येणार? त्यात ज्याच्याकडे आहे तो सोडत नाही. नवी घ्यायची तर सगळं धरून सात-आठ लाख आणि नवा हप्ता, त्यापेक्षा आहे ती बरी म्हणतो, क्लच बदलतो आणि चालवत राहतो.

सांगलीकर, हा माणूस तुम्ही आहात. ‘वेडा नाही मी’ म्हणालात, अगदी बरोबर, मीही हेच केलं असतं. पण तुमच्यासारखे हजारो शहाणे आपापल्या पार्किंगमध्ये गाडीवर कव्हर घालून बसलेत, म्हणून एजंटाला भाव सांगता येतो. तो लुटतो हे खरंच, पण माल मुबलक असता तर त्याला कुणी विचारलं नसतं.

यार्डातला एक प्रसंग मागे लिहायचा राहिला. हायवेला लागून गाड्यांची रांग, प्रत्येकीच्या काचेवर चुन्यानं साल लिहिलेलं. २०१९ची हॅचबॅक, एजंट म्हणाला, ‘सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, लेडीज ड्रिव्हन, बत्तीस हजार चाललेली. पाच दहा फायनल.’ नव्या गाडीचं एक्स-शोरूम पाच नव्वदच्या आसपास असताना सहा-सात वर्षांच्या गाडीला पाच दहा. जीएसटी कमी झालाय, भाव का नाही उतरला, असं विचारलं तर म्हणे, ‘उतरवलाय ना साहेब, आधी साडेपाच होता.’ माझ्यासोबत आमचे नेहमीचे मिस्त्री होते. ते काही न बोलता खाली बसले आणि टायरवरचे चार आकडे वाचले. ०८२४, म्हणजे २०२४चा आठवा आठवडा. चारही टायर तेच. बत्तीस हजारांत कुणी चारही टायर बदलत नाही. मग बॉनेट उघडून बोल्टवरचा रंग बघितला, पान्याच्या खुणा होत्या, म्हणजे आधी कुणीतरी खोललेली. शेवटी त्यांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला आणि आतल्या टोकाकडचा पट्टा मला दाखवला. मातकट तपकिरी, कडेला वाळलेल्या गाळाची रेघ. ‘पाण्यात बसलेली आहे,’ एवढंच म्हणाले आणि हात पुसत चालू लागले. मागून एजंट ओरडला, ‘साहेब, चार नव्वद!’

बँकेत वेगळीच गंमत. नव्या गाडीला ९ टक्के, जुनीला विचारलं तर साडेतेरा. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्यानं जुनी घ्यायची आणि व्याज जास्त भरायचं. खूप जुनी घेऊन सुटू म्हटलं तर पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुन्हा करून घ्यायची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, पर्यावरण कर वेगळा.

बहिणीची गाडी अजून घेतलेली नाही. एका सहकारी डॉक्टरांची २०१७ची बघितली, चांगली होती, पण त्यांनी आदल्या रात्री विचार बदलला. तुमच्यासारखेच निघाले.

तर सांगलीकर, पाच वर्षं वगैरे राहू द्या. मधेच कधी मन बदललं तर आधी मला कळवा. थेट व्यवहार करू, मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० मी भरून आणतो, एजंट नको आणि जीएसटीही नको. फक्त मिस्त्रींना सोबत घेऊन येणार. गाडी २०१८ची आणि गाव सांगली, म्हणजे ऑगस्ट २०१९चा पूर तिनं बघितलाय. तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला तर राग मानू नका.