पटाची दोरी

धान घरात आलं, कापसाची वेचणी उतरणीला लागली की आमच्याकडे गावोगावी पटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींच्या, तारखा पडतात. त्याच आठवड्यात गावाच्या व्हॉट्सॲप गटात भांडणही पेटतं. नागपूर-पुण्याला स्थायिक झालेले म्हणतात, "बैल पळवून टाळ्या पिटायच्या, हा मागासपणा झाला. परदेशात चालतं का असं काही?" गावातले म्हणतात, "पट आमची परंपरा आहे, हात लावून दाखवा." मी ऑस्ट्रेलियात राहतो, आणि ते 'परदेशात' दरवेळी माझ्याकडे मान वळवून म्हटलं जातं, म्हणून लिहितो.

परदेशात चालतं. इकडे व्हिक्टोरिया राज्यात नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीची सरकारी सुट्टी असते. २०२० च्या कपात अँथनी व्हॅन डाइक या घोड्याचा पाय मोडला आणि त्याला तिथंच संपवावं लागलं. पुढच्या वर्षी कप झालाच. बाहेर देशांतून येणाऱ्या घोड्यांचे पाय आधी स्कॅन करून घ्यायचे, अशी सक्ती वाढली. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यानं २०१६ मध्ये कुत्र्यांच्या शर्यतींवर बंदी जाहीर केली आणि तीनेक महिन्यांत ती गिळलीही. तेव्हा सुधारलेपणाचा दाखला इकडून मागवू नका, इकडेही त्याचा तुटवडाच आहे.

आणि आपल्याकडे कायद्याचा वाद उरलाय कुठे? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, काठी, चाबूक, तुतारी (बैलाला टोचायची काठी) बंद. पट राहणार. तरी दोन्ही बाजू अजून राहावा की जावा यावरच घसा कोरडा करतात, आणि ज्याच्यावर भांडायला हवं ती दोरी तशीच राहते.

दोरी म्हणजे बघ्यांसमोर कमरेएवढ्या उंचीवर बांधलेली सुतळी. आपल्या बहुतेक पटांत माणूस आणि पळत्या जोडीच्या मध्ये एवढंच असतं.

व्हिक्टोरियातल्या वॉर्नाम्बूलला मे महिन्यात अडथळ्यांच्या शर्यती होतात. २०११ साली तिथं बाना स्ट्रँड नावाचा घोडा चांगल्या उंच कुंपणावरून थेट बघ्यांत पडला आणि अनेक जण जखमी झाले, त्यांत लहान मूलही होतं. कुंपण असून ही गत. त्यामुळे 'आमचे बैल शिकवलेले आहेत' हे मला कोणी सांगू नये. शिकवलेला बैलसुद्धा बिथरतो, आणि का बिथरतो ते पटशौकिनांना पक्कं माहीत असतं. बोलत नाहीत, एवढंच.

जोडीतला एक बैल दुसऱ्यापेक्षा नेहमी थोडा तेज असतो. तो पुढे सरला की जू तिरकं होतं आणि छकडी मंद बैलाच्या बाजूला ओढली जाते. डावा तेज असेल तर जोडी उजवीकडे झुकणार. धुरकरी, म्हणजे छकडी हाकणारा, कासऱ्यानं सावरतो, पण अख्खी धाव काही सेकंदांची, त्यात सावरायला वेळ तो किती? म्हणून जुना पटशौकीन पहिल्या फेरीत जोडी पाहून ठेवतो आणि दुसऱ्या फेरीला तेज बैलाच्या अंगाला उभा राहतो. नवखा जाऊन उभा राहतो शेवटच्या रेषेवर, कारण घड्याळ तिथं, माईक तिथं, निकालाचा फळा तिथं. सगळ्यांत वाईट जागा तीच. रेषा ओलांडली म्हणून बैल थांबत नाही, त्याला वेग उतरवायला पुढे बरंच रान लागतं. नेमकं तिथंच लोक निकाल ऐकायला दोन्हीकडून आत सरकतात आणि पळायची पट्टी नरसाळ्यासारखी निमुळती होते. समोर माणसांची भिंत दिसली की बैल फट शोधतो. ती फट म्हणजे एखादं पोर मोबाईल धरून वाकलेलं.

यावरचा उपाय गावातच मिळतो. शेवटच्या टप्प्यात आणि रेषेपुढच्या मोकळ्या रानात दोन्ही बाजूंनी बांबूचे तट्टे उभे करा. दर सहा-सात फुटांवर डांब, गुडघ्याच्या आणि छातीच्या उंचीवर आडवे बांबू, त्यांना आतून तट्टा. दोरीच्या पलीकडचं बैलाला सगळं दिसतं, त्याच्या लेखी ती वाटच. तट्ट्याच्या पलीकडचं दिसत नाही, म्हणून तो त्याला कूड समजून सरळ जातो. तट्ट्यापासून दहा फूट जागा रिकामी सोडून मग लोकांसाठी दुसरं कुंपण. त्या गल्लीत स्वयंसेवक आणि स्ट्रेचर, बाकी कोणी नाही, सरपंचसुद्धा नाही. निकालाचा फळा आणि माईक पट्टीच्या मधोमध आणा, गर्दी आपोआप मागे सरकेल. इकडच्या मैदानांवर गर्दीला कोणी शिस्त शिकवत नाही. लोकांना जे बघायचंय ते हलवतात, मग लोक हलतात. 'आपल्या लोकांना शिस्तच नाही' असं आमचे शहरवाले म्हणतात ना, ते तेवढ्यासाठी ऐकवत नाही.

पट्टी शक्यतो उत्तर-दक्षिण आखावी. पूर्वेकडून पश्चिमेकडे पळवली तर चारनंतर सूर्य बैलाच्या आणि धुरकऱ्याच्या डोळ्यांत, आणि मोठ्या जोड्या नेमक्या तेव्हाच सुटतात. पाणी आदल्या संध्याकाळी मारा. सकाळी टँकर फिरवला की काळी माती वरून चिकट आणि आत कोरडी राहते, खूर सटकतात. धसकटं हातानं वेचावी लागतात, नुसत्या रोलरनं ती दबतात आणि दुपारी पुन्हा डोकं काढतात. धानाच्या बांध्यांत पट असेल तर बांध नुसता कापून भागत नाही, भरून धुम्मसही करावं लागतं. मेलबर्नकडे शर्यतीच्या सकाळी मैदान किती घट्ट किंवा मऊ आहे, 'गुड ४' की 'सॉफ्ट ५', ते मोजून जाहीर करतात. आपल्याकडे जाहीर होतं ते उद्घाटकाचं नाव.

तळेगाव दशासरच्या पटात बायका छकडी हाकतात. बघायला येणाऱ्या बायकांसाठी मात्र कितीतरी पटांवर साधी आडोशाची मोरीसुद्धा नसते, मग त्या दुपारीच घरी परततात. याला परंपरा म्हणायचं तर म्हणा.

आता गटातलं नेहमीचं उत्तर येईल: तिकडं बसून अक्कल शिकवू नका. बरोबर आहे. तट्टे बांधायच्या दिवशी मी नसणार, पटाच्या रात्री होणाऱ्या नाटकाला सतरंजीवर जागा धरायलाही नसणार. इकडच्या मैदानावर सगळं जिथल्या तिथं असतं, पण कोणाच्या घरी कोणता जावई पटाला आला, हे कोणी कोणाला विचारत नाही. त्याची किंमत मला गटातल्या शहाण्यांपेक्षा जास्त कळते. कदाचित म्हणूनच एवढा चिडतो. यंदाची वर्गणीची पावती माझ्या नावानं फाडा, पण ती तट्ट्यांच्या खात्यावर. पहिल्या बक्षिसाच्या मोटारसायकलीसाठी माझ्याकडून एक रुपया मिळणार नाही.